पुसलेल्या कामाचें माप

एखादी वस्तु मोजावयाची म्हटली कीं ती स्थिर असावी, अशी मनुष्याची सहज अपेक्षा असते. धान्य मापांत पडत असतां वाढत नाहीं. कापड गजाखालीं असतां लांबत नाहीं. परंतु जी वस्तु मोजतां मोजतांच बदलते तिचें खरें माप कोणतें, आणि त्या मापावर देणें-घेणें अवलंबून असल्यास न्याय कशांत आहे, हा प्रश्न वरकरणी गणिताचा दिसला तरी मूलतः नीतीचा आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यानें तो आज आपल्या दाराशीं आणून ठेविला आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येस, मुठेच्या कांठीं असलेलें वारजें हें एके काळीं खेडें होतें. आतां तें शहराच्या पोटांत आलें असून मुंबई-बंगळूर महामार्ग त्यांतून जातो. त्या मार्गानें हिंजवडीकडे कामास जाणारीं कितीतरी तरुण माणसें येथें राहतात. त्यांचे दिवस आणि रात्री ज्या मापावर ठरतात, त्याचा विचार मराठी वाचकांस परका वाटूं नये.

सॉफ्टवेअर मोजावें कसें? आज्ञांच्या ओळी मोजाव्या, तर पाल्हाळ लावणारा श्रेष्ठ ठरतो आणि चार ओळींत काम उरकणारा उपाशी राहतो. १९७९ सालीं आयबीएम कंपनींतील ॲलन अल्ब्रेक्ट यांनीं निराळी वाट दाखविली. आंत काय लिहिलें आहे हें न पाहतां, वापरणाऱ्याच्या पदरांत काय पडलें तें मोजावें, हें तिचें सूत्र. या मापाच्या एककांस फंक्शन पॉइंट म्हणतात. पुढें कॉस्मिक नांवाची पद्धति निघाली व २००३ सालीं तीस आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. तिचा दंडक सोपा आहे. माहिती बाहेरून आंत येते, आंतून बाहेर जाते, सांठ्यांतून वाचली जाते, किंवा सांठ्यांत लिहिली जाते. या चार हालचालींपैकीं प्रत्येक हालचालीस एक एकक.

समजा, वारज्यांतील एका सहकारी गृहसंस्थेनें आपल्या हिशेबाचें सॉफ्टवेअर करावयास सांगितलें. सभासदानें पैसे भरल्याची नोंद आंत आली, हें एक. त्याचें खातें सांठ्यांतून वाचलें, हें दुसरें. रक्कम लिहून ठेविली, हें तिसरें. पावती बाहेर पडली, हें चौथें. अशा सर्व कामांची बेरीज ४० एककें झाली असें धरूं. काम पुरें होतें न होतें तोंच संस्थेचा विचार पालटला. पाण्याच्या टँकरचा हिशेब हवा झाला, म्हणून १० एककांची भर पडली. वाहनतळाचा तयार झालेला १० एककांचा भाग काढून टाकावा लागला. आणखी ६ एककांत फेरफार झाला. अखेरीस उभ्या राहिलेल्या वस्तूचें माप घेतलें, तें पुनः ४०च भरलें. चिटणीस म्हणतात, ‘४० ठरलीं होतीं, ४० मिळालीं, अधिक कशाचें द्यावें?’ करणारा म्हणतो, ‘तुमचा विचार पालटल्यावर मीं २६ एककांचा बदल केला आहे.’ दोघेही खोटें बोलत नाहींत, आणि हीच या वादांतील गोम आहे.

कॉस्मिकच्या नियमांनीं येथें दोन हिशेब वेगळे ठेविले आहेत. उरलेल्या वस्तूचें माप काढतांना भर मिळवावी व काढलेला भाग वजा करावा. बदलाचें माप काढतांना मात्र भर, फेरफार आणि काढलेला भाग या तिहींची बेरीज करावी. म्हणजे वाहनतळाचीं तीं १० एककें एका वहींत उणीं आहेत, तर दुसरींत अधिक आहेत. नवख्यास हें विचित्र वाटेल. आपल्या शास्त्रकारांस तें तसें वाटलें नसतें. न्याय-वैशेषिकांनीं अभाव हा एक पदार्थच मानिला व त्याचे प्रकार सांगितले. घडा घडण्यापूर्वीं मातींत जो घड्याचा अभाव असतो तो प्रागभाव. त्यास आरंभ नाहीं, पण अंत आहे. घडा फुटल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. त्यास आरंभ आहे, पण अंत नाहीं. डोळ्यांस दोन्हीं ठिकाणीं घडा दिसत नाहीं, एवढ्यावरून दोन्हीं अभाव एकच ठरत नाहींत. कधींच न केलेला वाहनतळाचा भाग आणि करून पुसलेला तो भाग यांत हाच भेद आहे. चिटणीस उरलेल्या वस्तूकडे पाहतात, म्हणून त्यांस प्रध्वंसाभाव हा प्रागभावासारखाच दिसतो.

बांधकामावरील गवंड्यास हें तत्त्व शिकवावें लागत नाहीं. भिंत बांधली तिचें माप वहींत चढतें, आणि मालकाच्या सांगण्यावरून ती पाडली तर तोडकामाचेंही माप चढतें. सॉफ्टवेअरचें दुर्दैव असें कीं त्याचा राडारोडा रस्त्यावर पडत नाहीं. जें पाडलें तें कोणास दिसत नाहीं, आणि न दिसणाऱ्या श्रमाचें मोल शून्य धरण्याकडे मनुष्याचा कल असतो. घरांत रोज होणाऱ्या आणि रोज पुसल्या जाणाऱ्या कामाची आपण जी किंमत करतों, ती पाहिली म्हणजे याविषयीं शंका उरत नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, करणाऱ्यानें प्रथम चुकीचें केलें असेल तर त्याच्या दुरुस्तीचें देणें मागणाऱ्यावर कां? आक्षेप रास्त आहे. चुकीची दुरुस्ती हा मागणींतील बदल नव्हे, आणि तिचा भार चुकणाऱ्यानेंच सोसावा. परंतु खरे तंटे या दोहोंच्या सीमेवर होतात: सांगणाऱ्यानें अर्धें सांगितलें व ऐकणाऱ्यानें उरलेलें गृहीत धरलें. तेथें कोणतीही मापनपद्धति न्यायाधीश होऊं शकत नाहीं. प्रथम काय मागितलें होतें याचें माप आधींच लिहून ठेविलें असेल, तर ती साक्षीदार मात्र होऊं शकते. बदल झाल्यावर घेतलेलें पहिलें माप हें माप नसून वकिली होय.

मापाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका हालचालींत एक शब्द बदलला काय किंवा सगळी मांडणी बदलली काय, कॉस्मिकच्या हिशेबीं तें एकच एकक. तेव्हां हें माप आकाराचें आहे, कष्टाचें नाहीं. मग तें अधिक सूक्ष्म करावें काय? याच पुणें जिल्ह्याच्या इतिहासांत त्याचें एक उत्तर सांपडतें. कंपनी सरकारच्या अमलांत प्रिंगल यांनीं प्रत्येक प्रतीच्या जमिनीची निव्वळ उपज बारकाईनें काढून सारा बसविला. ती व्यवस्था कोलमडली. त्यानंतर १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं सोपी प्रतवारी घेऊन सारा ३० वर्षें कायम केला. त्या मुदतींत रयतेनें स्वतःच्या श्रमानें विहीर खणली तरी त्यापायीं सारा वाढावयाचा नव्हता. ती पद्धति निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि तिनें एक गोष्ट ओळखली होती: पुढें बदल झाला तर तो कोणाच्या खातीं जाईल, हें मोजणीपूर्वींच ठरलें पाहिजे.

मन बदलणें हा दोष नाहीं. वस्तु डोळ्यांपुढें येईपर्यंत आपणांस काय हवें होतें हें पुष्कळदां आपणांसच कळत नसतें, आणि बदलाची बंदी करणारा करार शेवटीं निरुपयोगी वस्तु पदरांत टाकतो. दोष आहे तो, बदलावें आपण आणि मोजावें कोणींच नाहीं, यांत. किंमत ठरलेली, तारीख ठरलेली, आणि मागणी तेवढी मोकळी, अशा व्यवहारांत न मोजलेलें काम नाहींसें होत नाहीं. तें उतरणीनें खालीं वाहत जातें आणि ज्यास ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार सर्वांत कमी त्या माणसाच्या रात्रींत जाऊन सांचतें. म्हणून आमच्या मतें बदल मागणाऱ्याचें पहिलें कर्तव्य पैसे देण्याचेंही नाहीं. तें आहे, पुसलेल्या कामाची नोंद मान्य करण्याचें. त्या नोंदीवर सवलत मागतां येईल, उभयपक्षीं वांटणी करतां येईल, उदार मनानें सोडूनही देतां येईल. परंतु जें मोजलेंच नाहीं तें सोडून देण्याचें औदार्य कोणी दाखवूं शकत नाहीं, आणि मागण्याचें धैर्यही कोणास होत नाहीं.