कोरे पत्र

सज्जनहो, चांगदेवांची कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. वाघावर बसून आलेले चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली आळंदीची भिंत, एवढेच बहुधा ध्यानात राहते. परंतु त्याआधी त्यांनी धाडलेल्या कोऱ्या पत्राचा विचार करावयास हवा.

चांगदेव पत्र लिहावयास बसले आणि मायन्यावरच अडले. परंपरा सांगते, त्यांचे वय १४०० वर्षांचे. ज्ञानोबाराय तर कोवळे पोर. वय पाहावे तर आशीर्वाद लिहावा, अधिकार पाहावा तर नमस्कार. काहीच ठरेना. अखेर कागद कोराच धाडला.

अहो, समोरचा कोण हे कळेना म्हणून का ते अडले? तसे नव्हे. ‘मी कोण’ हेच उमगले नव्हते. माउलींनी उत्तरादाखल ६५ ओव्या धाडल्या, तीच ‘चांगदेव पासष्टी’. तीत थोर कोण, धाकटा कोण, याचा निवाडा नाही. पाहणारा आणि दिसणारा हे दोन नव्हेतच, ही खूण तीत सांगितली आहे.

आता आपले पाहा. “माझ्या तीस वाऱ्या झाल्या, हा कालचा पोरगा दिंडीत माझ्यापुढं कसा?” हे चांगदेवांचेच माप झाले. पुढे गुडघे थकतात, आषाढीला घरी बसावे लागते. मग तोच डोळे पुसत म्हणतो, “आता मी कसला वारकरी?” बाबा, पाय थकले हे ज्याला कळले, तो थकला का? आईच्या कडेवरून चंद्रभागा पाहिली, डोईवर बोचके घेऊन पाहिली, काठी टेकीत पाहिली. देह पालटत गेला; पाहणारा तोच ना?

तर मग वारी सोडावी काय? मुळीच नाही. चालवते तोवर चालावे. हा धडा वारीतच गिरवता येतो. दोन माळकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. वय विचारीत नाहीत, जात विचारीत नाहीत. चांगदेवांना न सुचलेला मायना तो हाच. मात्र नुसती कंबर वाकून भागत नाही, आतला ताठाही वाकला पाहिजे.

आज हरिपाठ झाल्यावर क्षणभर थांबावे आणि स्वतःस पुसावे, हे नाम घेतो कोण, ऐकतो कोण? उत्तराची घाई करू नये. कागद कोरा राहिला तरी चिंता नाही. कोऱ्या कागदालाही माउलींनी उत्तर दिलेच आहे.

राम कृष्ण हरि.