दोन शहरांमधील अंतर

अंतर ही निसर्गाची गोष्ट आहे की मनुष्याची, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. मैल मोजता येतात. त्यांत नीती-अनीतीचा संबंध कोठून यावा? परंतु मुंबई आणि कराची ही दोन बंदरे उदाहरणादाखल घेतली म्हणजे हा प्रश्न तितका सोपा राहात नाही.

आकाशमार्गाने ह्या शहरांमधील सरळ अंतर सुमारे 875 किलोमीटर आहे. मुंबईस दिल्लीदेखील ह्याहून दूर. 1936 पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच मोडत असे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा लहानशा विमानातून टपाल घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस थांबून दुपारी जुहूस उतरले. आजच्या विमानास हे अंतर दीड तासाचे. तथापि थेट विमान नाही. आणि एप्रिल 2025 मध्ये तर दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांस आपले आकाशही बंद केले. दुबईचा वळसा घ्यावा, तर तीन हजारांहून अधिक किलोमीटर होतात आणि मधला थांबा धरता टाटांहून लवकर पोहोचण्याची खात्री नाही. यंत्राची गती कित्येक पटींनी वाढली, पण वाट काही आखूड झाली नाही!

समुद्राने वा पर्वताने पाडलेल्या अंतराचा दोष कोणाकडेच जात नाही. मनुष्याने पाडलेल्या अंतराचे समर्थन मात्र मनुष्यालाच करावे लागते. असे समर्थन असूच शकत नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहा सशस्त्र इसम कराचीहूनच समुद्रमार्गे आले होते. प्रजेचे रक्षण हे राज्याचे पहिले कर्तव्य होय, आणि त्यासाठी प्रसंगी दार लावून घेण्याचा त्यास अधिकार आहे.

परंतु न्याय्य असलेले दुःखही दुःखच असते. न्यायाधीशाने अपराध्यास योग्य शिक्षा दिली, तरी त्याची मुले उपाशी राहतील ही गोष्ट खोटी ठरत नाही. 1947 मध्ये ज्यांची घरे दुभंगली, ज्यांचा भाऊ इकडे आणि बहीण तिकडे राहिली, त्यांनी कोणावर शस्त्र उचलले होते? बंद दाराची किंमत तेच भरीत आले.

मग दार उघडणे ज्यांच्या हाती नाही, त्या आपणांवर काही कर्तव्य उरते काय? उरते. भिंतीला पर्वत समजू नये, एवढे तरी उरतेच. ज्या घरातील मुलगा अमेरिकेत आहे, त्या घरी तिकडे आता किती वाजले असतील हे सर्वांना ठाऊक असते. उलट जून 2015 मध्ये उष्म्याने कराचीत हजारावर माणसे दगावली, हे आपल्यापैकी कितीजणांस स्मरते? जेथे जाता येत नाही तेथे माणसेच राहात नाहीत, अशी मनाची समजूत नकळत होऊन बसते. विमाने केव्हा सोडावयाची हे राज्यकर्त्यांनी खुशाल ठरवावे. आपल्या सहानुभूतीचा पल्ला मात्र त्यांच्या वेळापत्रकावरून ठरू नये.