शेजाऱ्याचा हक्क

एकट्या माणसाला भीती कशाची वाटते? चोराची वाटत असेल, असे मी समजत होतो. गेल्या वर्षी मला एका लहानशा गोळीची भीती वाटली.

पत्नी गेल्यापासून मी घाटकोपरला एकटाच राहतो. मुलगी मुलुंडला, आपल्या संसारात. माझा मधुमेह जुना; इतकी वर्षे मेटफॉर्मिनवर भागले. नुसत्या त्या औषधाने साखर एकदम खाली जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पण तीन महिन्यांची सरासरी वाढली आणि डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड लिहून दिली. म्हणाले, "हिने साखर कधी ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळ उडणे, असे काही झाले तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गोळी घेऊन उपाशी राहू नका. रमजानपूर्वी मला भेटल्याशिवाय रोजे धरू नका."

मी अडलो तो 'गोंधळ' या शब्दापाशी. ज्याने ओळखायचे त्याचीच अक्कल ठिकाणावर नसेल, तर ओळखणार कोण? गोळ्या कपाटात पडून राहिल्या. महिन्याने डॉक्टरांनी विचारले, "घेता ना?" मी म्हणालो, "घेतो." साखर तशीच होती. त्यांनी दुप्पट मात्रा लिहायला पेन उचलले, तेव्हा मात्र मला घाम फुटला. माझ्या खोटेपणावर विसंबून ते माझा इलाज करीत होते! मी खरे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, "घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

कोणाकडेच नव्हती. मला भीती गोळीची नव्हती, कोणाला तरी 'माझ्याकडे लक्ष ठेवा' म्हणण्याची होती. त्याला मी स्वाभिमान म्हणत आलो होतो.

प्रत्येक औषध कधीतरी नवे असते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले, ते त्याला मानवले नाही. अर्क अधिक शुद्ध करून काही दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा गुण आला. त्या मुलाची जोखीम माझ्याहून कितीतरी मोठी. पण त्याच्यावर लक्ष ठेवायला माणसे होती.

समोरच्या वहिनींना मी किल्ली दिली आणि सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "एवढे दिवस बोलला नाहीत, चाचा? आमच्या ह्यांनाही शुगर आहे." भिंतीला भिंत लागून दोन घरांत एकच दुखणे, आणि दोघेही गप्प! आता ठरले आहे: सकाळी आठपर्यंत दाराची दुधाची पिशवी आत गेली नाही, तर त्या बेल वाजवतात. उशाशी साखरेची डबी असते, आणि गोळीचे नाव, मुलीचा नंबर व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक फ्रिजवर लावला आहे. गोळी सुरू आहे.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल लहानपणापासून ऐकत आलो. तो उपाशी राहू नये, त्याला आपला त्रास होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ मी घेत होतो. पण आपल्या अडचणीत आपल्या उपयोगी पडण्याचाही त्याला हक्क असतो. देणारा हात वरचा, हे खरेच. मात्र जन्मभर फक्त वरचाच हात ठेवू पाहणाऱ्याला नम्रता कधी कळणार?