पोलंडच्या स्त्रिया आणि 'परक्या' समतेचा आरोप

स्त्रीवाद हे बाहेरून आलेले खूळ आहे, हा आरोप पोलिश स्त्रियांना दोन राजवटींत ऐकावा लागला. समाजवादाच्या काळात समता ही मॉस्कोची सक्ती वाटे. 1989 नंतर तीच ब्रुसेल्सची आयात ठरली. इतिहास वेगळे सांगतो. नोव्हेंबर 1918 मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला आणि त्याच महिन्यात स्त्रियांना मताधिकार मिळाला. ऑगस्ट 1980 मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप पेटला तो अन्ना वालेंतिनोविच या क्रेनचालक स्त्रीला कामावरून काढल्यामुळे. त्यातून जन्मलेल्या 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेने लोकशाही आणली. पण स्वतःच्या महिला विभागाने गर्भपातबंदीला विरोध करताच तो विभागच मोडून टाकला.

यावर आक्षेप असा, की गर्भपाताची मोकळीक देणारा 1956 चा कायदा कम्युनिस्टांनी वरून लादलेला होता. तो वरून आला हे खरेच. पण तो रद्द होण्याची वेळ आली तेव्हा मुक्त पोलंडमध्ये सार्वमताच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. त्या कोणी लादल्या होत्या? संसदेने सार्वमत घेतले नाही. 1993 मध्ये कडक निर्बंध आणले. दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. परदेशी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांचा बराच वेळ प्रकल्प अहवालांत जातो आणि लहान गावांतल्या बाईशी त्यांचा संवाद तुटतो. पण म्हणून सीमेपलीकडच्या मैत्रिणींकडे पाठ फिरवणे हा उपाय नव्हे. 3 ऑक्टोबर 2016 रोजी गर्भपातावरच्या संपूर्ण बंदीच्या विधेयकाविरुद्ध वॉर्सात भर पावसात काळे कपडे घालून, छत्र्या उघडून हजारो जणी उभ्या राहिल्या. चर्चचा दबदबा असलेल्या छोट्या शहरांतही निदर्शने झाली. एक दिवस काम बंद ठेवण्याची कल्पना आइसलँडच्या 1975 च्या स्त्रियांकडून घेतलेली होती, राग मात्र पूर्णपणे घरचा होता. तीन दिवसांत संसदेने ते विधेयक फेटाळले. दूरची कल्पना आपल्या रस्त्यावर, आपल्या भाषेत उतरली की तिला परकी म्हणणे कठीण जाते, हे त्या दिवसाने दाखवले.

राष्ट्र म्हणजे कूस आणि चूल सांभाळणारी 'पोलिश माता', ही व्याख्या मला अन्यायाची वाटते, कारण ती राष्ट्र घडवणाऱ्या बायकांनाच राष्ट्राबाहेर ढकलते. आणि हा अन्याय सरकार बदलल्याने आपोआप संपत नाही. गर्भपातासाठी मदत करणाऱ्यांवरचा खटल्याचा धाक काढणारे विधेयक नव्या सत्ताधाऱ्यांच्या काळात, 12 जुलै 2024 रोजी, 215 विरुद्ध 218 मतांनी पडले.