पिंगलेचे दार आणि दुकानाचे शटर



भक्तमंडळी, दत्तजयंती आपल्याकडे येते ती ऐन धंद्याच्या दिवसांत. मार्गशीर्षात हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडे कापूस विक्रीला निघालेला असतो, कास्तकाराच्या हातात वर्षाचा पैसा येतो, लग्नाची खरेदी सुरू होते. आणि दत्तजन्म नेमका सायंकाळी, म्हणजे दुकानात गर्दीच्या वेळेला! म्हणून पाळण्यापाशी आयाबहिणी असतात, आजोबा असतात; चाळिशी-पन्नाशीचा कर्ता पुरुष नसतो. विचारावं तर उत्तर ठरलेलं : "महाराज, मी हटलो का दुकान बसते." या एका वाक्यावरच आज बोलायचं आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, समुद्र, मधमाशी आपल्याला पाठ असतात. पिंगलेपाशी आलो की आपण जरा घाईने पुढे जातो, कारण ती गणिका. पण दुकानदाराने थांबावं ते तिच्याच दारात. विदेहनगरीत ही पिंगला नटूनथटून दारात उभी राहते. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघते. हा गेला, बरं झालं, पुढचा याहून धनवान असेल. आत जाते, पुन्हा बाहेर येते. असं करता करता मध्यरात्र होते. झोप उडालेली, तोंड सुकलेलं. शेवटी तिला स्वतःचाच वीट येतो, ती आशा सोडते आणि शांत झोपी जाते. अवधूताने तिला गुरू केलं ते त्या झोपेसाठी.

आता रात्री साडेदहाला बाजारातून एक चक्कर मारा. अर्धं ओढलेलं शटर, आत एक दिवा, गल्ल्यावर पेंगणारा माणूस. गिऱ्हाईक नाही. पण "एखादा आलाच तर?" हीच ती पिंगला, बरं का! तिला कष्टाने थकवलं नव्हतं, वाट पाहण्याने थकवलं होतं. म्हणून माझं साधं सांगणं आहे. एक महिना वहीत लिहा, कोणत्या तासाला किती विक्री झाली. शेवटच्या दीड तासात विजेच्या बिलाइतकंही सुटत नसेल, तर ते दार धंद्यासाठी उघडं नाही, आशेसाठी उघडं आहे.

दुसरा थकवा मात्र याहून खोल आहे. मालाचा भाव फक्त मालकाच्या डोक्यात. उधारीची वही त्याच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. गल्ल्याची चावी कमरेला. मग एकाची दोन दुकानं झाली की हा माणूस दुप्पट धावतो आणि म्हणतो, धंदा वाढला. वाढलं काय? तास वाढले, रक्तदाब वाढला. "माझ्याशिवाय चालत नाही" हे कर्तव्याचे कपडे घातलेलं मीपण आहे, आणि दत्तसंप्रदाय पहिला घाव मीपणावरच घालतो.

धंदा वाढवायचा तर हात वाढवावे लागतात. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं निघाली. तेच आजचं लिज्जत. आज त्यात चाळीस हजारांहून अधिक बहिणी आहेत. हे कसं झालं? त्या सातजणींनी रात्री जागून लाटले म्हणून नाही. पीठ केंद्रात ठरल्या मापाने मळलं जातं, बहिणी ते घरी नेतात, आपल्या घरी लाटतात, वाळलेले पापड आणून देतात, ते तपासून आणि तोलून घेतले जातात. माप एका बाईच्या डोक्यात राहिलं असतं तर गिरगावची गच्ची ओलांडली नसती. आणि लाटणारी नोकर नाही, मालकीण आहे, हे विसरू नका. आपल्या वर्ध्याचं गोरस भांडारही असंच सहकारावर उभं. गोरसपाक पाहुण्यांना आपण कौतुकाने देतो, पण त्याच्या मागे अनेक गोठे आहेत, एकट्या कोणाची धावपळ नाही.

इथे एक सावधगिरी. मालकाला विश्रांती मिळावी म्हणून सगळा भार दुकानातल्या पोऱ्यावर टाकला, तर तो बोजा नुसता खाली सरकला. त्याच्या पगारात आणि सुटीत वाढ झाली तरच त्याला वाढ म्हणायचं. आणि अजगरही अवधूताचा गुरू आहे म्हणून कोणी लोळत पडेल, तर त्याने तो अध्याय पुन्हा वाचावा!

गुरुचरित्रात गाणगापूरचा विणकर येतो. आपला संसार, आपला धंदा सांभाळून तो रोज मठाचं अंगण झाडायला यायचा. माग सोड, असं महाराजांनी त्याला सांगितलं नाही. आणि मागाच्या नावाखाली त्यानेही अंगण सोडलं नाही.

आता थोडं ज्येष्ठांशी. रागावू नका. मुलगा पंचेचाळीस वर्षांचा झाला, तरी पाच रुपयांची सूट द्यायला तो तुमच्याकडे बघतो, असं किती घरांत आहे? तुम्ही कष्टाने उभं केलंत, मान्य. पण तुम्ही त्याला चावी दिली नाही, म्हणून तोही नोकराला देत नाही. तुम्हाला कोणी कधी घरी बसवलं नाही, म्हणून त्यालाही बसता येत नाही. तो आजारी पडला तर? गल्ल्यावर पुन्हा तुम्हीच, सत्तराव्या वर्षी, गुडघ्याचा पट्टा बांधून. हे काय आपण त्याला वारसा म्हणून देणार?

यंदा पौर्णिमेला दुकान बंद ठेवा, असं मी म्हणत नाही. गर्दीची वेळ आहे, गिऱ्हाईक लांबून गावाहून आलेलं असतं. फक्त पाच ते आठ, तीन तास. भावाचा कागद भिंतीला लावा, चावी भरवशाच्या नोकराच्या हातात द्या, त्या दिवशीची त्याची दक्षिणा वेगळी काढून ठेवा आणि मुलाला घेऊन मंदिरात या. पाळण्याची दोरी आधी त्याच्या हातात द्या. त्याचा फोन तेवढा तुमच्या खिशात ठेवा. वाजला तर उचलू नका.