ओंडक्याचे ऋण

आंबा घाट चढून शाहूवाडी तालुक्यात शिरले की मालकीच्या रानांतून ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा ही झाडे दिसू लागतात. अशा एखाद्या ऐनाचा ओंडका रस्त्याकडेला पडलेला पाहिला म्हणजे आम्हांला एक प्रश्न पडतो. जमीन आपली, झाड आपले, तोडण्याची परवानगी हाती. मग त्या लाकडाचे काय करावे, हा प्रश्न नीतीचा उरतो काय?

कायदा बहुतांशी तोडीपाशी थांबतो. १९६४ च्या राज्याच्या अधिनियमाने या झाडांच्या तोडीला परवानगीचे कुंपण घातले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मंजुरीवाचून जंगलात चालणाऱ्या लाकूड कापण्याच्या गिरण्या बंद करावयास लावल्या. परंतु ओंडक्याची तुळई व्हावी की भट्टीतली राख, हे ठरवावयाचे असते आपल्या विवेकबुद्धीने.

कठीण लाकूड उतावळ्या माणसाला वश होत नाही. ओल्या लाकडाची चौकट पीळ धरते, भेगाळते. फळ्यांच्या थरांत पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळता ठेवून त्या महिनोन्‌महिने मुरवाव्या लागतात. ऐन तुळई-वाशांना, जांभूळ पाण्यातल्या कामाला, फणस पेटी-कपाटाला, हा विचार जुने सुतार करीत. झाडाने कित्येक दशकांत घडविलेले लाकूड एका दिवसात जाळावे, की तीन पिढ्यांच्या डोक्यावर छप्पर म्हणून पेलून धरावे?

पण दवाखान्याच्या खर्चासाठी तोच ओंडका जळणाच्या भावाने विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यास आमचे मन धजत नाही. लाकूड मुरेपर्यंत थांबण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते. ती घर बांधणाऱ्या आम्हांपाशी असते. तरी आम्ही स्वस्त आणि तातडीची चौकट मागतो, मुरलेल्या लाकडाचा रास्त भाव देत नाही, आणि त्याला भट्टीवाल्याचे दार गाठावे लागते. दोषाचा मोठा वाटा आमचाच आहे.

मात्र सदुपयोग हे तोडीचे निमित्त होऊ नये. आधी गरज, मग झाड. आधी पाडलेल्या घराची जुनी तुळई, मग नवा ओंडका.

मार्कच्या शुभवर्तमानात (६:३) गावकरी प्रभूला ओळखतात ते सुतार म्हणून. त्या हातांना लाकडाचे मोल ठाऊक होते. आपल्या घराची चौकट करविताना भाव ठरविण्याआधी, लाकूड कोठून आले आणि ते मुरले आहे काय, एवढे तरी आपण विचारू या.