खवट होण्याआधी

दिवाळी होऊन महिना उलटला. फडताळातल्या डब्याच्या तळाशी थोडा चिवडा उरलाय. दाणे, खोबऱ्याचे काप. झाकण उघडा आणि सावकाश वास घ्या. खवट आहे की नाही, हा निवाडा लगेच नको. वास येण्याआधी तिथे काय काय घडून गेलं, तिकडे मन वळवा.

तेलाचा एकच रेणू डोळ्यांसमोर आणा. कार्बनची लांब साखळी, मधे दुहेरी बंध. करडईच्या, सूर्यफुलाच्या तेलात असे बंध पुष्कळ, तुपात थोडे. त्या बंधाजवळचा हायड्रोजन सैल असतो. उजेड, उष्णता, लोखंडाचा बारीकसा अंश, कशानेही तो सुटतो. मोकळ्या जागी ऑक्सिजन येऊन चिकटतो. मग हा रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो, तो शेजारी पुढच्याचा.

इथे थोडं रेंगाळा. अजून वास नाही, चवही तीच आहे. पुढे या रेणूंचे तुकडे पडतात, हेक्झॅनलसारखे. नाकाला पत्ता लागतो तो तेव्हा.

आता त्या रांगेत एक परका रेणू बसवा. तेलाच्या पिशवीवर पुष्कळदा बारीक अक्षरांत ‘319’ असतं, म्हणजे टीबीएचक्यू. किलोला जास्तीत जास्त 200 मिलिग्रॅम. ओढणारा समोर आला की तो आपला हायड्रोजन देऊन टाकतो, आणि स्वतः मात्र सहसा कुणाचा ओढत नाही. साखळी तिथेच तुटते. पण दिला की तो संपला. सगळे असे संपले की तेल भराभर बिघडतं, आणि एकदा खवटलेल्या तेलात नंतर कितीही घाला, ते माघारी येत नाही.

आकडा वाचून दचकलात? साहजिक आहे, मर्यादा घातली आहे ती उगाच नव्हे. तरी लोणी कढवताना त्यात टाकलेलं विड्याचं पान आठवा. त्यात टीबीएचक्यूसारखे फिनॉलच असतात, आणि कामही हेच. तिळाच्या तेलात सेसमॉल असतं. करडईच्या बीला तर पेरणीपर्यंत आपलं तेल राखायचं असतं, म्हणून टोकोफेरॉल तिच्यात जन्मापासूनच. तेल रिफाइन करताना त्यातलं काही निघून जातं, आणि वरून 319 घालतात. मला याची थोडी गंमत वाटते.

दुकानात पिशवी हातात आली की आकड्याखालची पॅकिंगची तारीखही वाचा. शेजारी पारदर्शक बाटली असेल, तर ती उन्हाच्या तिरिपेत उभी आहे का, ते पाहा.